टचिंग शिकायचंय, पण सुरुवात कुठून?

तालुक्याच्या गावात नवा स्टुडिओ टाकलेली पोरं माझ्याकडे येतात. कॅमेरा, लाइट, मागचा पडदा सगळं विचारून होतं आणि चप्पल घालता घालता खरा प्रश्न निघतो, "भाऊ, चेहऱ्याचं टचिंग कोन्तं शिकू? मोबाइलवालं का ते दोन लेयरवालं?" टचिंग म्हणजे फोटोतल्या चेहऱ्याची डागडुजी. उभ्या उभ्या त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून बसून लिहितो.

वाटा तीन आहेत. तयार ॲप किंवा एका क्लिकचा फिल्टर; फ्रिक्वेन्सी सेपरेशन, म्हणजे ते दोन लेयरवालं (लेयर म्हणजे थर); आणि हीलिंग ब्रशने डाग काढून डॉज अँड बर्न, म्हणजे हलक्या हाताने जागोजागी उजळ-गडद करणं. माझं मत आधीच सांगून टाकतो. शिकायला सुरुवात तिसरीने करा, दुसरी तिच्या मागून घ्या, आणि पहिलीसाठी शिकवणी लागत नाही. पण पोट पहिल्या दोन महिन्यांत कशावर भरायचं, हा हिशेब वेगळा आहे. त्याकडे पुढे येतो.

ॲप चेहरा शोधतं, कातडी मऊ करतं आणि न विचारता उजळही करतं. आपल्याकडे "थोडं गोरं करून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक रोजचं, त्यामुळे दोघंही खूश. मोबाइलवर पाहिलं तर फोटो चकाचक. तोच फोटो बारा बाय अठरावर छापून भिंतीला लावला की गालावर रंग फासल्यासारखा दिसतो. नव्या एआयवाल्या साधनांची आणखी एक खोड आहे: पुसलेल्या जागी ती नवी कातडी तयार करून बसवतात. दिसायला खरी दिसते, पण ती त्या माणसाची नसते.

याचा फटका मी खाल्लाय. एका आजीचा जुना फोटो तेरवीसाठी मोठा करून द्यायचा होता. रात्री घाईत एका तयार स्मूथिंग फिल्टरमधून काढला. सुरकुत्या गेल्या आणि त्यासोबत कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदणही गेलं. फ्रेम हातात घेऊन नातू दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "भाऊ, हे आमची आजी नोहोय." फिल्टरला गोंदण आणि डाग यातला फरक कळत नाही. तो मला कळायला हवा होता.

तेव्हापासून दुकानात एक नियम आहे. पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते पुसायचं: मुरूम, घामोळ्या, किडा चावल्याची गांधी. तीळ, जुना व्रण, गोंदण, देवीचे वण यांना गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पासपोर्ट साइझचे, नोकरीच्या फॉर्मचे फोटो तर टचिंगला घ्यायचेच नाहीत. अर्जात 'ओळखीची खूण: डाव्या गालावर तीळ' लिहायचं आणि फोटोतला तीळ आपणच उडवायचा, हे काही बरं नव्हे.

आता दुसरी वाट. फ्रिक्वेन्सी सेपरेशन म्हणजे एका फोटोचे दोन थर. खालच्या थरात रंग आणि उजेड-सावली, वरच्यात रंध्रं, लव, बारीक रेघा. फोटोशॉपमध्ये लेयरच्या दोन प्रती काढायच्या. खालचीला गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्यायचा, रंध्रं जेमतेम दिसेनाशी होईपर्यंतच. वरचीवर अप्लाय इमेजमध्ये खालचा लेयर निवडून सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८ आणि मग ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात मिसळायची रीत) लिनिअर लाइट. हे आकडे ८ बिट फाइलचे. १६ बिट असेल तर ॲड, इन्व्हर्टला टिक, स्केल २, ऑफसेट शून्य. जोडणी बरोबर झाली तर फोटो मूळासारखाच दिसतो. फरक दिसला तर कुठेतरी चुकलंय, पुढे जाऊ नका.

आपल्याकडच्या चेहऱ्यांना ही रीत एका कामात फार उपयोगी पडते. कापूस वेचणीच्या दिवसांत डोक्याला दुपट्टा बांधलेल्या बाईचं कपाळ एका रंगाचं असतं आणि गाल दुसऱ्या. खालच्या थरावर फेदर दिलेल्या, म्हणजे कडा मऊ केलेल्या, लॅसोने (भाग निवडायचं साधन) तो भाग धरून हलका ब्लर दिला की सीमारेषा विरते आणि रंध्रं जागेवर राहतात. मे महिन्याच्या लग्नात नाकावर चमकणारा घामही याने बसतो. अर्थात फोटो काढायच्या आधी टिश्यू आणि थोडी पावडर लावली असती, तर हे कामच निघालं नसतं.

गोम अशी की हे जमायला लागलं की हात थांबत नाही. खालच्या थरावर ब्लर वाढत जातो, गालाचा उंचवटा, नाकाच्या बाजूची सावली सपाट होते, आणि शेवटी हातात येतो रंध्रं असलेला मेणाचा पुतळा. पोरं म्हणतात, "टेक्श्चर तर आहे ना!" आहे. पण चेहऱ्याचा घाट गेला. चेहरा ओळखू येतो तो घाटावरून.

म्हणून तिसरी वाट. आमच्या उस्तादांच्या वेळी निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग चालायचं. निगेटिव्हवर सुरकुती पारदर्शक दिसते. तिथे टोकदार पेन्सिल फिरवली की छापताना उजेड कमी जातो आणि कागदावर सुरकुती फिकी पडते. पुसली जात नाही, फिकी पडते. डॉज अँड बर्न म्हणजे तेच काम माउसने. सॉफ्ट लाइट मोडमध्ये ५० टक्के ग्रे लेयर घ्यायचा, नाहीतर दोन कर्व्ह्ज लेयर, एक उजळ करणारा, एक गडद करणारा, दोघांचे मास्क काळे, म्हणजे पांढरा ब्रश फिरवाल तेवढ्याच जागी परिणाम दिसेल. मऊ ब्रश, फ्लो (ब्रशमधून उतरणाऱ्या रंगाचं प्रमाण) एक ते तीन टक्के. डोळ्याखालच्या काळ्या भागावर पाच-सहा वेळा फिरवा, तेव्हा कुठे फरक दिसेल. सर्वांत वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेयर ठेवला की डागाळलेल्या जागा पटकन नजरेत भरतात. सावळ्या चेहऱ्यावर कर्व्ह्जने उजळलेली जागा कधी राखेसारखी दिसते. तिथे वेगळ्या लेयरवर कलर मोडमध्ये शेजारचाच रंग हलक्या हाताने भरायचा.

त्याआधी डाग काढायला हीलिंग ब्रश. फोटोशॉपमध्ये तो २००२ साली सातव्या आवृत्तीत आला. क्लोन स्टॅम्प शेजारची कातडी रंगासकट उचलून चिकटवतो. हीलिंग पोत शेजारचा घेतो आणि रंग-उजेड जागचाच ठेवतो. म्हणून गालासाठी हीलिंग, आणि केसांच्या किंवा ओठांच्या कडेला क्लोन, कारण कडेवर हीलिंग रंग कालवून टाकतो.

या वाटेचा तोटा उघड आहे: वेळ. एका चेहऱ्याला माझा अर्धा-पाऊण तास जातो, शिकाऊ पोराचे दोन तास. मधेच लाइट गेली आणि यूपीएस नसेल तर विचारूच नका. पण यात डोळा तयार होतो. गाल कुठे वळतो, सावली कुठे संपते, हे हात शिकतो. तो डोळा आल्यावर फ्रिक्वेन्सी सेपरेशन केलं तर कुठे थांबायचं ते कळतं. उलट्या क्रमाने शिकलेले कारागीर मी पाहिलेत. त्यांचे सगळे नवरदेव सख्खे भाऊ वाटतात.

आता पोटाचं. तुळशीचं लग्न झालं की जूनपर्यंत लग्नंच लग्नं. एका लग्नाचे सहाशे फोटो डॉज अँड बर्नने करायला बसलात तर पहिल्या बाळाच्या बारशालाच अल्बम द्याल. चार बाय सहाचा फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १२०० बाय १८०० पिक्सेलचा. त्यात स्टेजवर वीस माणसं उभी असतील तर एकेक चेहरा बोटाच्या नखाएवढा. तिथे रंध्रं दिसतच नाहीत, मग वाचवायची कशाला? रंग-उजेड सगळ्यांना एकदम लावा, फिल्टर लावायचाच असेल तर निम्म्या ताकदीने, आणि पुढे चला. करिझ्मा अल्बममध्ये (पानभर छापलेल्या फोटोंचा अल्बम) ज्या पाच-सहा पानांवर नवरा-नवरी मोठे आहेत, तेवढ्यांवर हाताने काम करा. बायोडाटाच्या फोटोलाही हातानेच. मुलगी पाहायला आलेली मंडळी फोटो आणि मुलगी शेजारी ठेवून बघतात, मनात का होईना.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. फोटोशॉपला महिन्याचं भाडं आहे. गिम्प फुकट आहे, त्यात हीलिंग आहे, सॉफ्ट लाइट आहे, आणि २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून वेव्हलेट डिकंपोज आहे, म्हणजे फ्रिक्वेन्सी सेपरेशनचाच बहुथरी भाऊ. हात बसवायला पुरेसं. अल्बमचे पीएसडी टेम्पलेट (फोटोशॉपच्या फाइलीतली तयार पानं) वापरायचे झाले की फोटोशॉपच सोयीचं पडतं. पेनड्राइव्हवरून आलेलं 'फुकट' फोटोशॉप टाकू नका. त्यासोबत काय काय येतं ते ऐन सीझनमध्ये कळतं.

नागपूर-अमरावतीचा क्लास की व्हिडिओ? तंत्र व्हिडिओत सगळं मिळतं. फक्त त्यातली मॉडेल बहुधा गोरी, मेकअप केलेली, मोठ्या सॉफ्टबॉक्ससमोर बसलेली. ती कातडी आधीच निम्मी तयार असते. सराव करायचा तर शेतावरून आलेल्या काकांचा, स्वतःच्या आईचा फोटो घ्या, आणि आईलाच दाखवा.

पैसे थोडेच असतील तर लेन्सच्या आधी छोटा पेन टॅब्लेट (संगणकाला जोडायची, पेनाने चालणारी पाटी) घ्या. दाब कमी-जास्त करायची सोय माउसला नाही, आणि एक टक्क्याच्या फ्लोवर माउस घासून मनगट दुखतं ते वेगळंच.