फया, फळा आणि संगणक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात मी पाचवी-सहावीला मराठी शिकवते. जूनमध्ये वर्गात चार संगणक आले, आता फेब्रुवारी सरत आलाय. ‘घ्यावेत का?’ असं बरेच शिक्षक विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या पोरांच्या घरची बोली अहिराणी. तिच्यात ‘ळ’चा ‘य’ होतो : शाळा ती शाया, डोळा तो डोया, फळा तो फया. वाचन तपासणाऱ्या प्रोग्रामसमोर सहावीतली एक मुलगी बसली. पहिल्याच ओळीत तीनदा लाल खूण. चौथ्या ओळीला तिनं माइकपासून तोंड फिरवलं, ते आठवडाभर संगणकाकडे फिरकलीच नाही. मला फार लागलं ते. ती घरची बोली होती, पण यंत्राच्या लेखी नुसती चूक.

मग तिला फळ्याशी घेतलं. दोन रकाने आखले, ‘घरनं’ आणि ‘पुस्तकातलं’. बहिणाबाईंच्या कवितेतही काळा तो काया असतो, हे सांगितल्यावर ती खुलली. जीभ मागे वळवून टाळूला लावायची नि झटकन सोडायची, हे माझ्या तोंडाकडे बघून तिला जमलं.

तो प्रोग्राम आता बंदच ठेवते. साधं रेकॉर्डिंग मात्र रोज वापरतो. हेडफोन लावून ती स्वतःचं वाचन ऐकते, अडलं तिथे थांबते, “बाई, आखो एकदा” म्हणते. तीस पोरांचं वाचन इतक्यांदा ऐकायला मला तास पुरलाच नसता.

टायपिंगनं एक जुनी अडचण सोडवली. ‘सूर्य’मधला रफार पोरं हमखास ‘सू’वर द्यायची. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर स, दीर्घ उकार, र, हलन्त, य याच क्रमानं बटणं दाबावी लागतात. र आधी उच्चारायचा, पण त्याची खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, हे मी बारा वर्षं खडूनं समजावत आले. बोटांना दोन दिवसांत उमगलं. ‘प्रकाश’ला प, हलन्त, र. तिथेही गोंधळ मिटला.

हस्ताक्षराला मात्र वहीच हवी. महिनाभर टायपिंगवर जोर दिला, तर ‘ण’ आणि ‘श’ची वळणं पार बिघडली. आता रोज दहा ओळी शुद्धलेखन आधी, संगणक नंतर. वीज गेली की तास फळ्यावरच.

पैसे कमी असतील तर एक संगणक कमी घ्या, पण माइकवाले हेडफोन चांगले घ्या. आमच्या स्वस्तातल्या हेडफोनांत ‘ल’ आणि ‘ळ’ सारखेच ऐकू यायचे.