डेट जवळ आलेल्या बेकिंग सामानाचा क्रेट: काय उचलायचं आणि काय तिथेच ठेवायचं

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास केकचं सामान मिळणारी जी होलसेल दुकानं आहेत त्यातल्या एका दुकानाबद्दल लिहितेय, नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली एक तक्रार पण आहे. आत शिरल्यावर डाव्या हाताला एक मोठा क्रेट असतो, त्यात डेट जवळ आलेला माल अर्ध्या किमतीत, कधीकधी त्याच्याही खाली. ख्रिसमसच्या ऑर्डरी धरून भरलेला माल उरतो म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये हा क्रेट अगदी तुडुंब असतो, बाकी वर्षभर किरकोळच.

आता मुद्दा असा की विकताना डेट संपलेली नसते, ती संपते आपल्या घरी, फडताळात. एक्सपायरी उलटून गेलेला माल विकणं बेकायदाच आहे आणि हे दुकान तसं करताना मला तरी दिसलं नाही. पण अर्धा किलोचं पाकीट घेतलं आणि महिन्याभरात डेट गेली तर पुढे काय, हे ठरवून घेतलं तरच हा क्रेट परवडतो.

डोळे झाकून घ्यावं असं त्यात थोडंच असतं. आयसिंग शुगर, कॉर्नफ्लोअर, कस्टर्ड पावडर (ती म्हणजे कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास, बाकी काय), व्हिनेगर, व्हॅनिला इसेन्स. कोरडं राहिलं तर ह्यांना डेटनंतरही फारसं काही होत नाही, आयसिंग शुगरचे खडे झाले तर चाळून घ्यायची. कोको पावडरही चालते, फक्त वास हळूहळू उतरतो, मग ब्राउनीत चमचाभर जास्त घालायची. डार्क चॉकलेटच्या स्लॅबवर पांढरट थर दिसला की लोक बुरशी समजून बाजूला ठेवतात, पण बहुतेक वेळा ते ब्लूम असतं, म्हणजे आतलं कोको बटर वर आलेलं. कोको बटर साधारण 34 अंशाला वितळतं, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुकानातच तेवढं तापमान असतं, मग ते वर येऊन पांढरं थिजतं. वितळवून गनाश (क्रीम घालून केलेलं चॉकलेटचं मिश्रण) केलं की काही कळत पण नाही. मी असे स्लॅब आवर्जून घेते. व्हाइट आणि मिल्क मात्र नाही घेत, दुधाचा भाग असतो त्यात, चव लवकर बिघडते.

बेकिंग पावडर आणि यीस्ट इथे डेटपेक्षा टेस्टवर भरवसा ठेवा. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आम्ल दोन्ही आधीच असतात, हवेतला ओलावा लागला की ते आतल्या आत थोडं थोडं रिअ‍ॅक्ट होऊन संपतं, म्हणून पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा डेट असून पण मेलेला निघतो. अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तर ठीक. नुसता सोडा असेल तर पाण्याने कळणार नाही, लिंबू पिळा. यीस्ट कोमट पाण्यात साखर घालून दहा मिनिटं ठेवायचं, फेस नाही आला तर पाव फुगणार नाही, मैदा आणि अख्खी दुपार दोन्ही वाया. यीस्टचं मोठं पाकीट क्रेटमधून घेत असाल तर फोडल्यावर हवाबंद डब्यात फ्रीझरला टाका.

अक्रोड, बदाम पावडर, डेसिकेटेड कोकोनट, कणकेची प्रीमिक्स हे कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. तेल असलेला माल आधी खवट होतो, डेटची वाट बघत नाही. मैदा कणकेपेक्षा जास्त टिकतो तो ह्याच कारणाने, कोंडा आणि अंकुर काढलेला असतो ना. पण मैद्यात सोनकिडे किंवा जाळी दिसली तर चाळून वापरू वगैरे विचार पण नको. कंडेन्स्ड मिल्कचा डबा फुगलेला असेल तर उघडूनही बघू नका, सरळ कचऱ्यात.

(घरून केक विकणाऱ्यांनी हे सगळं फक्त घरच्या खाण्यासाठी धरावं. ऑर्डरच्या केकमध्ये डेट उलटलेलं काहीही नको, तिथे आपलं अन्नविक्रीचं रजिस्ट्रेशन आहे आणि खाणाऱ्याला आपण विचारलेलं नसतं.)

आता तक्रार. किमतीचं स्टिकर नेमकं एक्सपायरीवर चिकटवलेलं असतं. एखाद्या पाकिटावर असतं तर चुकून म्हटलं असतं, पण क्रेटमधल्या बहुतेक पाकिटांवर तसंच. नखाने खरवडत बसावं लागतं आणि विचारलं तर पोरगा म्हणतो ताई काही होत नाही, सगळे नेतात. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) 2020 च्या लेबलिंग नियमांनी एक्सपायरी किंवा यूज बाय छापणं सक्तीचं केलं, बेस्ट बिफोर ऐच्छिक झालं, आणि छापलेली ती सक्तीची तारीख हे लोक गुलाबी कागदाखाली लपवतात. ऑनलाइनवाल्यांना तर 2024 मध्ये सांगितलंय की डिलिव्हरीच्या वेळी निदान 30 टक्के शेल्फ लाइफ किंवा 45 दिवस उरलेले हवेत. क्रेटमध्ये तेवढे नसणार हे मान्य, सवलत त्याचीच आहे, पण किती दिवस उरलेत ते बघू तरी द्या. दुसरं म्हणजे झिपलॉकमध्ये सुटं भरलेलं कोको आणि टुटी-फ्रुटी, त्यावर कसलीच तारीख नाही, ‘आजच भरलंय’ एवढंच उत्तर. भरलं आज असेल हो, मूळ पोतं कधीचं? सुटं मी अजिबात घेत नाही.

बाकी माणसं चांगली आहेत, बिल देतात, बिल दाखवलं तर फोडलेलं पाकीटही बदलून दिलंय. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, स्टिकर दुसऱ्या बाजूला लावलं तर चार. गाडी नेऊ नका, आळीत लावायला जागा नाही, आणि संध्याकाळी गर्दीत क्रेट उपसायला मिळत नाही म्हणून सकाळी दुकान उघडताच जा.