कव्हर चार्ज "फुल्ली ॲडजस्टेबल" म्हणून तीन हजार घेतले आणि वर बिल वेगळंच, कोल्हापूरकरांनो जरा बघून

हॉटेलचं नाव टाकत नाही, तक्रार अजून चालू आहे. पण हायवेच्या बाजूला जुन्या जमान्याचं डेकोरेशन, भोंग्याचा ग्रामोफोन, ब्लॅक अँड व्हाईट फोटो, लाईव्ह म्युझिक आणि डान्स फ्लोअर असलं काय दिसलं आणि घरच्यांना घेऊन जायचा बेत असेल तर आधी हे वाचा.

आई-आप्पांच्या लग्नाचा वाढदिवस होता. आप्पांना जुन्या गाण्यांचं लई वेड. जाहिरातीत रात्री आठ ते अकरा लाईव्ह बँड, माणशी पाचशे कव्हर (टेबलाचे आगाऊ पैसे), फुल्ली ॲडजस्टेबल, म्हणजे सगळे बिलातनं वजा, असं लिहिलेलं. आम्ही सहाजण, म्हणजे तीन हजार, ते यूपीआयनं आधी पाठवल्याशिवाय टेबलच देत नव्हते. बिलातनं वजा होणार ना असं व्हॉट्सॲपवर विचारलं तर नुसता अंगठा आला.

आत गेल्यावर पहिला संशय आप्पांना. भिंतीवर एक मोठा फोटो, खाली "प्रभात स्टुडिओ, कोल्हापूर, 1936". आप्पा म्हणाले, अरे प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथं निघाली खरी पण 1933 ला पुण्याला गेली की, छत्तीस साली इथं कुठली प्रभात? वेटर नुसता हसला.

बँड म्हणजे एक गाणारा, एक गाणारी आणि एक अकॉर्डियनवाला. मी लॉनवरच्या स्टेजच्या बाजूलाच बसलेलो. अकॉर्डियनचा भाता मिटून ठेवायचे दोन छोटे पट्टे असतात ना, वरखाली बटणाचे, ते दोन्ही लावलेलेच! भाता उघडतच नव्हता, आणि भाता हलल्याशिवाय त्यातनं आवाज निघत नाही, तरी गडी सुरांच्या बटणांवरनं बोटं फिरवत होता आणि गाण्यात अकॉर्डियन नुसता घुमतोय. खाली लॅपटॉपवर ट्रॅक चालू. बरं, गाणारी मुलगी खरंच चांगली होती, तिच्याबद्दल काय तक्रार नाही. आई आधी नको नको करत होती, शेवटी आप्पांबरोबर फ्लोअरवर गेली, वहिनीनं व्हिडीओ काढला. तेवढ्यात वेटर चिठ्ठी घेऊन आला, "काका, फर्माईश सांगा की". आप्पांनी हौसेनं तीन गाणी सांगितली. पैशाचा एक शब्द नाही.

बरोबर दहाला आवाज बंद. कारण काय तर पोलिसांचा नियम. अरे बाबा, उघड्या लॉनवर दहानंतर स्पीकर चालत नाही हा नियम 2000 सालचा आहे, मग जाहिरातीत अकरा कशाला छापता?

आता बिल. जेवण 4200. लाईव्ह चार्ज माणशी अडीचशे, 1500. फर्माईश दोनशेला एक, 600. ह्या सगळ्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज 630, आणि त्या सर्व्हिस चार्जसकट सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. टोटल 7277 आणि कव्हरचे तीन हजार वजा नाहीतच. मॅनेजर म्हणतो, "सर, कव्हर फक्त सेट मेनूला ॲडजस्ट होतंय, तुम्ही सुट्टं मागवलं." सेट मेनूचं कार्ड कुणी दाखवलंच नव्हतं.

मी बिल उलटंसुलटं करून बघितलं तर वर "एस्टिमेट" छापलेलं, म्हणजे कच्चं बिल, जीएसटी नंबर कुठंच नाही. पंधरा अक्षरी नंबर असतो, आपल्या महाराष्ट्राचा 27 नं सुरू होतो, जीएसटी पोर्टलवर टाकला की कुणाचा आहे, चालू आहे का बंद, सगळं दिसतं. आणि कंपोझिशन स्कीममधल्या (छोट्या धंद्यांना उलाढालीवर ठरावीक टॅक्स भरायची सोय) हॉटेलाला तर गिऱ्हाइकाकडनं वेगळा जीएसटी घेताच येत नाही. मी म्हटलं नंबर घालून पक्कं बिल द्या. मॅनेजर आत गेला, आला आणि हळूच म्हणतो, "टॅक्स काढतो सर, कॅश द्या." म्हणजे तो टॅक्स कुणाच्या खिशात जाणार होता ते कळलंच की.

सर्व्हिस चार्जवरनं पण वाजलं. तो आपोआप बिलात घालायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलंय, मार्च 2025 ला दिल्ली हायकोर्टानं तेच उचलून धरलं. हे ऐकल्यावर तोही काढला. उरले 6300. आप्पा म्हणायला लागले जाऊ दे गा, आजच्या दिवशी वाद नको, म्हणून भरले, पण कॅश नाही, यूपीआयनंच.

घरी येऊन बिलाचा फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तो अंगठा आणि दोन्ही पेमेंटच्या नोंदी जोडून ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकली, नंबर 1915, फोनवर पण घेतात. मग हॉटेलातनं फोन, "मालक म्हणतायत तीन हजाराचं कूपन देतो, परत या." कूपन कशाला पाहिजे मला, ज्या खात्यात घेतले तिथनंच परत पाठवा म्हणून लेखी कळवलंय. नाही आले तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. आणखी कुणाला असलंच "एस्टिमेट" मिळालं असेल तर फाडू नका, माझ्याशी बोला, एकत्र टाकू.