जुनी टकोमा देऊन नवी घ्यावी का?

टोयोटाची टकोमा ही पिकअप, त्यातही व्ही६ म्हणजे सहा सिलिंडरची, चढाला लागली की गिअर शोधत बसते. सहाव्यातून पाचव्यात, पाचव्यातून चौथ्यात, जरा सपाटी मिळाली की पुन्हा सहाव्यात, आणि पुढच्या वळणावर परत तेच. तिसऱ्या पिढीची, म्हणजे २०१६ ते २०२३ या मॉडेल वर्षांमधली ऑटोमॅटिक टकोमा ज्यांनी लोड घेऊन घाटात चालवली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. माझी २०१८ची आहे: टीआरडी ऑफ-रोड (कच्च्या रस्त्यांसाठीचं मॉडेल), डबल कॅब (चार दारांची), पाच फुटी हौदा. मी भूजल सर्वेक्षणाचं काम करते. हौद्यावर फायबरची कॅनपी, म्हणजे बंदिस्त छप्पर, बसवली आहे आणि आत कायम पाण्याचे कॅन, विहिरीत सोडायचा पंप, नळ्यांची भेंडोळी आणि नमुन्यांच्या पेट्या असतात. गाडीने मला आजवर कधी रस्त्यात सोडलं नाही, म्हणून गिअरचा हा त्रास मी तिचा स्वभाव समजून चालवून घेतला. पण आता २०२४पासूनची चौथी पिढी चांगली रुळली आहे, आणि जुनी देऊन नवी घ्यायची का, हा विषय आमच्या घरात रोज निघतो.

नुसती अश्वशक्ती बघितली तर काही फरक दिसणार नाही. जुन्या ३.५ लिटर व्ही६ची २७८, आणि नव्या २.४ लिटर चार सिलिंडर टर्बोचीही २७८च. (सगळ्यात खालच्या एसआर मॉडेलमध्ये हाच टर्बो २२८वर आणून ठेवला आहे. ते घेणार असाल तर हे आधी लक्षात घ्या.) खरा फरक टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरात आहे. व्ही६चा टॉर्क २६५ पौंड-फूट, आणि तो पूर्ण मिळायला इंजिन ४,६०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला इतके फेरे) न्यावं लागतं. टर्बोचा ३१७, आणि तो १,७०० आरपीएमलाच मिळतो. म्हणजे लोड घेऊन चढताना जुन्या इंजिनाला जोरात फिरवण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि ते फिरवायला गिअरबॉक्सला सारखं खाली उतरावं लागतं. लोक सगळा दोष त्या सहा गिअरच्या गिअरबॉक्सला देतात, ते मला पटत नाही. इंजिन खालून ओढत नाही म्हणून त्याची धावपळ होते.

माझ्या कामात यात आणखी एक भर पडते, ती उंचीची. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं, कारण हवाच विरळ होत जाते. आठ हजार फुटांवर माझ्या २७८मधली जवळपास पाव ताकद गेलेली असते. टर्बो हवा दाबून आत घालतो, त्यामुळे त्याचं नुकसान बरंच कमी होतं. समुद्रसपाटीजवळ दोन्ही गाड्या चालवून बघणाऱ्याला हा फरक कळणारच नाही. शोरूमभोवती दहा मिनिटांची फेरी मारून नव्या गाडीबद्दल मत बनवू नका, असं मी म्हणते ते म्हणूनच.

माझ्या एका सहकाऱ्याने नवी घेतली आहे, साधा टर्बो (म्हणजे इंजिनाला विजेची मोटर जोडलेली हायब्रिड नव्हे), टीआरडी ऑफ-रोडच. त्याने किल्ली दिली आणि मी माझं सगळं सामान तिच्यात भरून ती माझ्या नेहमीच्या घाटात नेली. जिथे माझी गाडी चौथ्यात जाऊन ओरडते, तिथे ही दोन-अडीच हजार आरपीएमवर शांतपणे चढत राहिली. आठ गिअर आहेत, पण ते बदलल्याचं फारसं जाणवत नाही. मागे नमुने घेऊन बसलेली सहकारीण म्हणाली, “ताई, आज बाटल्या वाजल्या नाहीत.” वरच्या वळणांवर जुनीत मी नेहमी हाताने गिअर धरून ठेवते, इथे त्याची गरजच पडली नाही. एक मात्र कबूल करायला हवं: व्ही६चा आवाज भरदार आहे, आणि या चार सिलिंडरचा थंडीत सुरू केल्यावर जरा खरखरीत येतो. मला त्याचं काही वाटत नाही, पण काहींना वाटेल.

बाटल्या वाजल्या नाहीत त्याचं श्रेय इंजिनाला नाही, मागच्या सस्पेन्शनला आहे. जुन्यात मागे पोलादी पट्ट्यांचे पाटे आहेत. नव्यात बहुतेक मॉडेलना मल्टी-लिंक (एक्सल धरून ठेवणारे अनेक दांडे) आणि कॉइल म्हणजे गुंडाळीच्या स्प्रिंग आहेत, पाटे फक्त खालच्या काही मॉडेलपुरते उरले आहेत. रिकामी गाडी घेऊन लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावरून गेलात तर पाट्यांच्या गाडीचा मागचा एक्सल नाचतो आणि वळणावर मागचा भाग हलकेच बाहेर सरकतो. नवीत तो जमीन सोडत नाही. जुनीचे मागचे ब्रेक ड्रमचे, नवीत चारही चाकांना डिस्क. स्टिअरिंग हायड्रॉलिकचं इलेक्ट्रिक झालं आहे, हलकं आहे, पण पुढचं चाक कशावर चढलंय ते जुन्या स्टिअरिंगमधून हाताला जास्त नीट समजायचं.

चालकाच्या सीटबद्दल एवढंच, की जुनीत माणूस पाय लांब करून जमिनीलगत बसल्यासारखा बसतो, नवीत खुर्चीत बसल्यासारखा. दिवसभर चालवल्यावर कंबरेला फरक कळतो. मागच्या सीटवर जागा थोडीशीच वाढली आहे. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) साडेचार इंचांनी वाढला, तरी मागे उंच माणसाचे गुडघे अजूनही पुढच्या सीटला लागतात. चौदा इंची स्क्रीन मोठी आहे, छान आहे, पण तिच्यापायी गाडी बदलावी असं त्यात काही नाही. क्रूझ कंट्रोल मात्र खरंच कामाचा आहे: नवा पुढच्या गाडीमागे पार थांबेपर्यंत काम करतो, जुना वेग कमी झाला की सुटतो.

आता ज्या गोष्टीने मी सगळ्यात जास्त अडखळले ती सांगते. जुन्या टकोमाची टाकी २१.१ गॅलनची आहे, नवीची १८.२ची. ॲव्हरेज वाढलं म्हणून टाकी लहान केली असेल, पण हिशोब करून बघा. जुनी चार चाकी ड्राइव्हमध्ये गॅलनला सरासरी २० मैल देते, म्हणजे एका टाकीत सव्वाचारशे मैलांच्या आसपास. साधा टर्बो साधारण २१ देतो, म्हणजे जेमतेम ३८०. ज्या गाडीचं ॲव्हरेज जास्त, ती एका टाकीत कमी जाते! शहरात राहणाऱ्याला याचं सोयरसुतक असण्याचं कारण नाही. पण जिथे एका पंपापासून दुसरा पंप शंभर-सव्वाशे मैलांवर असतो आणि मधलं निम्मं अंतर लो गिअरमध्ये कापायचं असतं, तिथे हे चाळीस मैल म्हणजे परत येण्याची खात्री आहे. माहितीपत्रकात ॲव्हरेज मोठ्या अक्षरात असतं, टाकी शेवटच्या पानावर.

यावर उपाय म्हणून हायब्रिड बघितली. तिचं ॲव्हरेज २३च्या आसपास, म्हणजे एका टाकीचं अंतर जुन्याच्या जवळ येतं. ताकद तर विचारूच नका: ३२६ अश्वशक्ती आणि ४६५ पौंड-फूट टॉर्क, मोटर गिअरबॉक्सच्या तोंडाशीच बसवलेली. जागेवरून ती अशी उठते की व्ही६ची सवय असलेल्या माणसाने पहिल्यांदा पाय हलका ठेवावा. हौद्यात २,४०० वॅटचं प्लग पॉइंट मिळतं, जुन्यात ४०० वॅटचं आहे. माझा पंप त्यावर थेट चालेल, जनरेटर न्यायला नको, हे मला फार मोहात पाडणारं होतं.

पण हायब्रिडची १.८७ किलोवॅट-अवरची बॅटरी मागच्या सीटखाली आहे. माझ्या गाडीत त्या जागेत जॅक, टो-स्ट्रॅप, प्रथमोपचाराची पेटी, हवेचा कॉम्प्रेसर आणि पावसाळी कपडे राहतात. हे सामान हौद्यात टाकलं तर चिखलात रुतल्यावर ते नेमकं सगळ्या पेट्यांखाली सापडतं. शिवाय बॅटरी आणि मोटरचं वजन गाडीच्या वहनक्षमतेतूनच वजा होतं. ओढण्याचंही तसंच आहे. सगळ्यात जास्त टॉर्कची हायब्रिड, पण तिची कमाल मर्यादा ६,००० पौंड. साध्या टर्बोची ६,५००, आणि माझ्या जुन्या पिढीच्या व्ही६ची ६,८००. ट्रेलर ओढणाऱ्यांनी फक्त टॉर्कचा आकडा बघून सही करू नये.

वहनक्षमतेबद्दल विक्रेत्याला विचारूच नका. चालकाचं दार उघडा, खांबावरचं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते त्याच गाडीपुरतं तिथे छापलेलं असतं, आणि एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत ते वेगळं निघू शकतं. माझ्यासारख्या टीआरडी ऑफ-रोडवर ते साधारण हजार-अकराशे पौंडांच्या घरात असतं. त्यातून दोन माणसं गेली, कॅनपी गेली, वीस गॅलन पाणी म्हणजे १६७ पौंड गेले, की पंपाला आणि पेट्यांना किती उरतं ते मोजावं लागतं. मी उभ्या केलेल्या गाड्यांची दारं उघडून स्टिकरचे फोटो घेत फिरले, आणि हायब्रिड तिथेच यादीतून बाद झाली.

देवघेवीचं थोडक्यात. एका डीलरने जुनीची किंमत, नवीची किंमत आणि मासिक हप्ता असं सगळं एकाच कागदावर मांडून माझ्यापुढे सरकवलं. जुनीची किंमत वाढवून मागितली की नवीवरची सूट तेवढीच कमी व्हायची. मी उठून आले. दुसऱ्याकडे आधी नवीची किंमत लेखी घेतली, मगच जुनी दाखवली. टकोमाला जुन्या बाजारात भाव चांगला टिकतो, त्यामुळे बाहेर परस्पर विकून जास्त पैसे येतात हे खरं आहे. पण अमेरिकेत बहुतेक राज्यांत ट्रेड-इन (नवी घेताना जुनी डीलरलाच) दिल्यावर विक्रीकर फक्त फरकाच्या रकमेवर लागतो (कॅलिफोर्निया त्याला अपवाद), तेव्हा दोन्ही हिशोब शेजारी मांडून बघा. आणि पहिल्या वर्षाची, २०२४ची वापरलेली गाडी घेत असाल तर तिचा व्हिन (गाडीचा ओळख) क्रमांक एनएचटीएसए या अमेरिकी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉलची, म्हणजे कंपनीने परत बोलावून करायच्या दुरुस्तीची, कामं झाली आहेत का ते तपासा. फुकट आहे, एका मिनिटाचं काम आहे.

ज्यांची जुन्यातली ॲक्सेस कॅब (मागे लहान सीट असलेली) आहे त्यांनी मात्र घाई करू नये. तिच्या जागी आलेल्या एक्स्ट्राकॅबला मागची सीटच नाही, नुसती सामानाची जागा आहे. कधीमधी पोरांना मागे बसवत असाल तर तुमची गाडी तुम्हाला परत मिळणार नाही. तसंच ज्यांचा रस्ता सपाट आहे आणि हौदा बहुधा रिकामा असतो, त्यांनी चांगल्या स्थितीतली व्ही६ द्यावी असं मला मुळीच वाटत नाही. टर्बो नसलेलं, वर्षानुवर्षं पारखलेलं इंजिन आहे ते, सपाटीवर त्याचं काही अडत नाही, आणि ते पुन्हा नवीन मिळणार नाही.

मी देते आहे. साधा टर्बो, टीआरडी ऑफ-रोड, डबल कॅब, या वेळी सहा फुटी हौदा, कारण चाळीस मैलांची तूट भरून काढायला पाच गॅलनचा एक कॅन कायम बाहेरच्या रॅकवर बांधावा लागणार आणि आतली जागा मला त्यात घालवायची नाही. लांबी वाढल्यावर अरुंद वाटेवर गाडी वळवताना एकदा जास्त मागेपुढे करावं लागेल, ते मान्य आहे. कॅनपी नव्या हौद्यावर बसत नाही, मापंच वेगळी आहेत. डीलर तिचे वेगळे पैसे द्यायला तयार नव्हता, म्हणून ती काढून ठेवली आहे. कुणाकडे तिसऱ्या पिढीची पाच फुटी डबल कॅब असेल तर कॅनपी उत्तम स्थितीत आहे, मागच्या काचेचं रबर तेवढं बदलावं लागेल.