साताऱ्यात एसयूव्हीच्या ब्रेकचं काम: शोरूम की गॅरेज?

पाचगणीहून पसरणी घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं, सोडला की थांबायचं. वाईत गाडी उभी केली तर पुढच्या डाव्या चाकातून करपल्याचा वास. मागे आई आणि दोन मुलं बसलेली. दुसऱ्याच दिवशी काम काढलं. गाडी सात सीटर डिझेल, 62 हजार किलोमीटर चाललेली, पुढे डिस्क, मागे ड्रम.

शोरूमचं एस्टिमेट टॅक्स धरून 15,000 आलं. पुढचे पॅड 3,400, ते ज्यांना घासून चाक थांबवतात त्या दोन्ही डिस्क नव्या 8,600, ब्रेक ऑइल 500, मजुरी 2,500. एमआयडीसीतल्या गॅरेजचा हिशेब 5,800. तेच कंपनीचे पॅड काउंटरवरून मी आणून द्यायचे 3,400, डिस्कचं लेथवर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं, 800, ऑइल 400, कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) रबर किट आणि ग्रीस 300, मजुरी 900.

फरक 9,200 चा. पण नीट बघा, त्यातले 7,800 फक्त डिस्कचे आहेत. मजुरीत वाचतात ते 1,600. म्हणजे खरा प्रश्न डिस्क बदलायची की घासून घ्यायची हा आहे, आणि त्याचं उत्तर चाक खोलून मोजल्याशिवाय कुणालाच देता येत नाही. शोरूमने चाक न खोलताच एस्टिमेट दिलं होतं, याचा मला राग आला.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी कॅलिपर उतरवला आणि दोन्ही पॅड माझ्या हातात ठेवले. बाहेरचा निम्मा शिल्लक, आतला पत्र्याला टेकलेला. कॅलिपर ज्या पिनवर सरकतो, ती एक पिन गंजून जाम झाली होती. त्यामुळे पाय काढला तरी आतला पॅड डिस्कला घासत राहायचा. वास त्याचाच. ही पिन मोकळी केली नसती तर नव्या डिस्कवर नवे पॅडही तसेच जळाले असते, आणि शोरूमच्या कागदावर पिनचा उल्लेखही नव्हता.

डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. माझ्या डिस्कवर 24 मिलिमीटर होती. मोजल्यावर 25.1 भरली, फेसिंगनंतर 24.7 उरली. चालली. तुमची आकड्याच्या जवळ आली असेल, तडा असेल, तर घासाघीस नको, दोन्ही डिस्क नव्याच घ्या. घाटात पातळ डिस्क लवकर तापते.

ब्रेक ऑइलमध्ये मात्र पैसे वाचवू नका. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरला की ही मर्यादा 155 पर्यंत उतरते. घाटात ते उकळलं की आत वाफ होते आणि पॅडल सरळ खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी बदला, आणि सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. अर्धा वापरलेला डबा घेऊ नका. गॅरेजमध्ये हे सांगावं लागतं, शोरूममध्ये सहसा नाही.

मागच्या ड्रममधले लायनर पुढच्या पॅडपेक्षा बरेच जास्त टिकतात. ड्रम उघडून धूळ काढणं आणि हँडब्रेक ताणून घेणं, एवढंच.

गाडी वॉरंटीत असेल किंवा एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा पेटत असेल, तर मीही शोरूमलाच जाईन. तिथला बिघाड शोधणारा स्कॅनर साध्या गॅरेजमध्ये सहसा नसतो. बाकी पॅड, पिन, ऑइल यांसाठी ओळखीचं गॅरेज पुरे, पण पार्ट कंपनीच्या काउंटरवरून आणि बिलासह. बाजारात हजाराच्या आत पॅड मिळतात. घरची माणसं घेऊन यवतेश्वर चढउतार करणाऱ्या गाडीला मी ते लावणार नाही.

नवे पॅड बसले की पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारणं टाळा. मी आठवडाभर सातारा-कोरेगाव सपाटीवरच गाडी चालवली, मग पसरणी घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. स्टेअरिंग स्थिर होतं.