गुहागरच्या घरात विकले गेलेले 'स्नूपी' घड्याळ

मर्यादित संख्येत काढलेली स्मरणार्थ घड्याळे जमवणारे लोक कोकणात फार नाहीत, पण जे आहेत ते बहुतेक एकमेकांना ओळखून आहेत, आणि सध्या नेमक्या याच मंडळींवर डोळा ठेवून कोणीतरी पद्धतशीर काम करीत आहे, असे मला आलेल्या अनुभवावरून आणि नंतर कानावर पडलेल्या प्रकारावरून खात्रीने म्हणता येते. ही फसवणूक नेहमीच्या नकली मालाची नाही. मला दाखवलेल्या बहुतेक वस्तू खऱ्या होत्या. फक्त त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

प्रथम घड्याळाविषयी सांगतो, कारण ते माहीत असल्याशिवाय पुढचा डाव लक्षात येणार नाही. ओमेगा कंपनीच्या स्पीडमास्टर घड्याळाला नासाने १ मार्च १९६५ रोजी मानवी अंतराळ मोहिमांसाठी पात्र ठरवले, आणि जुलै १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन ते हातावर बांधून चंद्रावर उतरले. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानातील ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा परतीचा मार्ग सुधारण्यासाठी इंजिन १४ सेकंद चालवावे लागले आणि ते सेकंद जॅक स्विगर्ट यांनी याच घड्याळावर मोजले. या कामगिरीबद्दल ५ ऑक्टोबर १९७० रोजी ओमेगाला नासाच्या अंतराळवीरांचा 'सिल्व्हर स्नूपी' पुरस्कार मिळाला. त्याच्या स्मरणार्थ २००३ साली कंपनीने जी आवृत्ती काढली तिच्या डावीकडच्या छोट्या डायलवर स्नूपी हा व्यंगचित्रातला कुत्रा आहे, आणि नग आहेत ५,४४१. हा आकडाही उगाच घेतलेला नाही: अपोलो १३ ची मोहीम १४२ तास ५४ मिनिटे ४१ सेकंद चालली, त्यातली मिनिटे आणि सेकंद त्यात आले आहेत. संग्राहकाला असल्या गोष्टींचे वेड असते आणि विकणाऱ्याला ते वेड चांगले ठाऊक होते. किंबहुना हा आकड्याचा किस्सा मी विचारण्याआधी त्यानेच मला फोनवर सांगितला.

रत्नागिरीत राहून मी बरीच वर्षे घड्याळे जमवतो. सुरुवात एचएमटीच्या चावीच्या घड्याळांपासून झाली आणि पुढे स्विस घड्याळांकडे मोर्चा वळला. माझ्याकडे काय आहे आणि मी काय शोधतो, हे आमच्या व्हॉट्सअॅप गटातल्या कोणालाही माहीत आहे. तिथेच एका अनोळखी क्रमांकावरून निरोप आला. निरोप पाठवणाऱ्याने स्वतःची ओळख गुहागरकडच्या एका कुटुंबातील पुतण्या अशी करून दिली. काका मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनीअर होते, त्यांनी २००३ साली दुबईत हे घड्याळ घेतले, काका वारले, काकू मुंबईला मुलीकडे राहतात, घर बंद असते आणि आता सामानाची वाटणी करायची आहे, अशी ती हकिकत होती. कोकणात जहाजावर आयुष्य काढलेली माणसे गावोगाव आहेत आणि गणपती-शिमग्यालाच उघडणारी घरेही तितकीच आहेत, त्यामुळे या हकिकतीत खटकण्यासारखे काहीच नव्हते. दुबईहून आणलेले घड्याळ कपाटात पडून राहणे ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे.

किंमत सांगितली नऊ लाख पंचाहत्तर हजार. फुल सेटला, म्हणजे मूळ बॉक्स आणि सगळ्या कागदपत्रांसह असलेल्या नगाला, बाजारात यापेक्षा बराच जास्त भाव मिळतो. त्यावर त्याचे उत्तर तयार होते. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळांवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करून सरकारला भरायचा कर, लागू झाला आहे, त्या भानगडीत आम्हाला पडायचे नाही, म्हणून दहाच्या आत देतो, असे तो म्हणाला. नियम खरा आहे, परंतु तो व्यापार करणाऱ्या विक्रेत्याला लागू होतो, घरातली वस्तू विकणाऱ्याला नव्हे. अर्धवट खऱ्या नियमाचा असा उपयोग पुढे आणखी एकदा दिसला.

ठरलेल्या दिवशी मी आणि माझे मेहुणे जयगडला फेरीबोट धरून तवसाळला उतरलो आणि हेदवीमार्गे गुहागरला गेलो. घर सुरूच्या बनापासून आत, नारळी-पोफळीच्या वाडीत होते: जांभ्या दगडाचे, पडवीत पितळी कड्यांचा झोपाळा, भिंतीवर हार घातलेली जुनी छायाचित्रे. पुतण्याने त्यांतल्या एका छायाचित्राकडे बोट दाखवून 'हे काका' असे सांगितले. घरातल्या एका वयस्कर बाईंनी कोकम सरबत आणून दिले आणि त्या पुन्हा आत गेल्या. पुढे उघड झाले की ते घर पर्यटकांना राहायला दिले जाते. त्या माणसाने ते दोन रात्रींसाठी घेतले होते, सरबत आणणाऱ्या बाई घराची देखभाल करणाऱ्या होत्या, आणि हार घातलेले गृहस्थ घरमालकाचे आजोबा असून ते कधी जहाजावर गेलेच नव्हते. बाईंना यातले काहीही माहीत नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

घड्याळ आम्ही नीट पाहिले. चावीचे घड्याळ चावीचेच होते, क्रोनोग्राफची, म्हणजे सेकंद मोजणाऱ्या यंत्रणेची, दोन्ही बटणे कुरकुर न करता चालत होती. या घड्याळाची काच साधी काच नसून हेसालाइट नावाचे प्लास्टिक असते आणि तिच्या बरोबर मध्यभागी ओमेगाचे इतके बारीक चिन्ह कोरलेले असते की भिंगाशिवाय दिसत नाही, ते होते. पट्टा जिथे अडकतो त्या लगच्या मागच्या बाजूला आठ आकडी क्रमांक कोरलेला होता आणि गॅरंटी कार्डावर तोच क्रमांक होता. मागच्या झाकणावर स्नूपीचे चित्र होते. सोबत दुबईच्या दुकानाची पावती, काकांची सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, आणि शिक्के मारलेली पासपोर्टची पाने होती. झाकण उघडून मशीन पाहण्याचा आग्रह मी धरला, तेव्हा इथे समुद्राच्या खाऱ्या हवेत उघडले तर सील जाईल, आत दमट हवा शिरेल आणि कंपनीची फिटिंग मोडल्याने किंमत उतरेल, असे तो अगदी काळजीच्या सुरात म्हणाला. कोकणातल्या माणसाला खाऱ्या हवेचे कारण पटकन पटते. खाऱ्या हवेने इथे दाराच्या बिजागऱ्याही टिकत नाहीत.

पैसे देण्याची पद्धतही त्यानेच ठरवली होती. सात लाख ऐंशी हजार बँकेतून आणि एक लाख पंचाण्णव हजार रोख. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे, म्हणून दोनच्या आत ठेवले, असे स्पष्टीकरण मिळाले. कायद्याला इतका धरून चालणारा माणूस लबाड असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. एनईएफटी करताना आता खातेदाराचे नाव आधी पाहता येते. ते नाव वेगळ्याच आडनावाचे निघाले, त्यावर ते काकूंच्या जावयाचे खाते असल्याचे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ते खाते पालघरकडच्या एका तरुणाचे होते आणि त्याने ते थोड्या पैशांसाठी वापरायला दिले होते. पोलिसांच्या भाषेत अशा खात्याला भाड्याचे खाते म्हणतात.

पहिली शंका त्याच रात्री आली. दिवा मालवल्यावर डायलवरच्या खुणा हिरव्या उजळल्या, पण काटे मात्र काळेच राहिले. जुन्या घड्याळांत अंधारात चमकण्यासाठी वापरलेल्या ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याची अर्धी ताकद सुमारे बारा वर्षांत संपते, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या किंवा त्याआधीच्या घड्याळांचे काटे आज चमकत नाहीत; २००३ च्या घड्याळात मात्र ट्रिटियम नसून उजेडावर पुन्हा पुन्हा भारले जाणारे रसायन असते आणि ते डायलवर व काट्यांवर सारखेच असायला हवे. एकाच घड्याळातल्या या दोन भागांचे वय सारखे नव्हते.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीतल्या एका जुन्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी मागचे झाकण फिरवून काढले, त्याखालचे लोखंडी आतले झाकण चिमट्याने उचलले आणि काही न बोलता भिंग माझ्याकडे दिले. मशीन तांबूस सोनेरी होते. "काका, हे पांढरं हवं ना?" असे मी विचारले, तर ते म्हणाले, "पांढरं हवं, आणि त्याच्यावरचा नंबर तुमच्या कार्डाचा हवा. दोन्ही नाही." १९६८ पासून वापरात आलेले ८६१ हे मशीन तांबूस मुलाम्याचे असते, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या जागी आलेले १८६१ चांदीसारखे पांढरे दिसते आणि २००३ च्या घड्याळात तेच असते. मग त्यांनी डायल सैल केली. डायलच्या मागे मशीनमध्ये बसणारे दोन बारीक पाय असतात, ते मुळाशी कापलेले होते आणि डायल दोन्हीकडून चिकटणाऱ्या इवल्याशा टिकल्यांवर बसवलेली होती. लगवरच्या क्रमांकाच्या कडा बोटाला टोचत होत्या, म्हणजे तो अलीकडे, कार्ड समोर ठेवून कोरलेला होता. थोडक्यात, एक जुने, अस्सल, साधे स्पीडमास्टर घेऊन त्याला स्नूपीची डायल, स्नूपीचे झाकण आणि दुसऱ्याच कोणाच्या घड्याळाचे खरे गॅरंटी कार्ड जोडले होते. परदेशात अशा घड्याळाला, फ्रँकनस्टाइनच्या कथेतल्या तुकडे जोडून केलेल्या राक्षसावरून, फ्रँकन म्हणतात. घड्याळजींनी त्याची किंमत साध्या स्पीडमास्टरच्याही खाली लावली, आणि ते योग्यच होते.

एकदा हे उघड झाल्यावर कागदही बोलू लागले. दुबईची पावती थर्मल कागदावरची होती. तसला कागद आमच्याकडच्या उष्ण आणि दमट हवेत दोन-चार पावसाळ्यांत कोरा होतो. वीस वर्षांपूर्वीच्या पावतीवरची अक्षरे काळीभोर राहणे शक्यच नाही. बॉक्सच्या आतल्या चामड्याला बुरशीचा एक ठिपकाही नव्हता, आणि कोकणातल्या बंद घरात वीस पावसाळे काढलेले चामडे मी तरी बुरशीशिवाय पाहिलेले नाही. सीडीसी मात्र खरी निघाली. ज्या दिवंगत गृहस्थांची ती होती त्यांच्या घरच्यांनी सांगितले की घर रिकामे करताना त्यांची जुनी कागदपत्रे रद्दीत गेली होती आणि असले घड्याळ त्यांच्याकडे कधीही नव्हते.

अशा जोडकामापुढे मोठमोठे जाणकारही टिकत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातील लिलावात १९५७ च्या मालिकेतले एक स्पीडमास्टर तीस लाख स्विस फ्रँकपेक्षा जास्त किमतीला विकले गेले, आणि विकत घेणारी खुद्द ओमेगा कंपनी होती. २०२३ साली कंपनीनेच जाहीर केले की ते घड्याळ वेगवेगळे भाग जोडून केलेले होते आणि त्यात तिच्या काही माजी कर्मचाऱ्यांचा हात होता.

तक्रारीचे सांगायचे तर, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन केल्याने त्या भाड्याच्या खात्यात शिल्लक असलेले सव्वा लाख रुपये गोठले. बाकीची रक्कम तोवर पुढे तीन खात्यांत जाऊन एटीएममधून काढली गेली होती. रोखीचा तर माग नाहीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा नोंद झाला आहे आणि घड्याळ मुद्देमाल म्हणून पोलिसांच्या ताब्यात आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण समोरचा माणूस व्यापारी नसून स्वतःची वस्तू विकणारा म्हणून आला असल्यामुळे तो मार्ग फारसा उपयोगाचा नाही, असे वकिलांचे मत पडले. विक्रेत्याने 'घरगुती विक्री' हे रूप का घेतले असावे, त्याचे हेही एक कारण असू शकेल.

हे लिहिण्याचे तातडीचे निमित्त असे की गेल्या आठवड्यात सावंतवाडीच्या एका संग्राहक मित्राला तीच छायाचित्रे आली. या वेळी घर वेंगुर्ल्याचे आहे, काका चीफ इंजिनीअरऐवजी कॅप्टन झाले आहेत आणि किंमत नऊ लाख चाळीस हजार आहे. छायाचित्रांतल्या गॅरंटी कार्डाचा क्रमांक मात्र माझ्याच कार्डाचा आहे. तो आम्ही तपास अधिकाऱ्यांना कळवला आहे. मित्राने विक्रेत्याला एवढेच लिहिले की व्यवहार सावंतवाडीत आपल्या ओळखीच्या घड्याळजींच्या टेबलावर होईल, झाकण पैसे देण्याआधी उघडले जाईल, मशीनवरचा, लगवरचा आणि कार्डावरचा क्रमांक शेजारी शेजारी ठेवून पाहिला जाईल, आणि सगळी रक्कम विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातच जाईल. त्यावर आधी खाऱ्या हवेचे कारण आले, मग काकूंच्या तब्येतीचे, आणि त्यानंतर तो क्रमांक बंद झाला.