नऊ स्केलची पेटी, अकरा महिने आणि काळी तीन

पाळकसाहेब म्हणाले, "आपण शांतपणे पापकबुली करू." मंडळीनं माना खाली घातल्या. सगळं चर्च गप्प, आणि माझी पेटी (हार्मोनियम) एकटीच गातेय. ऊंऽऽऽ. काळी तीन, म्हणजे सप्तकातली तिसरी काळी पट्टी, खाली गेली ती वर आलीच नव्हती, आणि भात्यात हवा शिल्लक होती. ती संपायला दहा-पंधरा सेकंद लागतात, पण मला ते अख्खं स्तोत्र ११९ वाटलं. नखानं पट्टी उचलली तर 'टक्क' झालं. पहिल्या बाकावरच्या आजींनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

ही गोष्ट ऑगस्टची. पेटी जूनमध्ये घेतली होती. बेचाळीस पट्ट्या, डबल सूर (प्रत्येक पट्टीला आवाज देणाऱ्या दोन पितळी जिभा), नऊ स्केलचा चेंजर (पट्ट्यांची फळी सरकवून गाण्याचा सूर वर-खाली न्यायची सोय), ३४,५०० रुपये. हीच पेटी चेंजर नसलेली २३,००० ला मिळत होती. हे ११,५०० नीट लक्षात ठेवा, मी तर विसरूच शकत नाही. पैसे गायक-संघाच्या फंडातले निम्मे, माझे निम्मे. तरुण संघाची मुलं तेव्हाच म्हणाली होती, "ताई, कीबोर्ड घ्या, त्याला सूर वर-खाली न्यायचं ट्रान्सपोजचं बटण असतं." मी ऐकलं नाही.

आवाजाबद्दल तक्रार नाही. खर्ज भरदार आहे, वरचा सूर टोचत नाही, भाता हलका. दुकानदारानं "जर्मन सूर आहेत ताई" असं सांगितलं होतं. ते गुजरातेतल्या पालिताण्याचे निघाले, पण चांगले निघाले, म्हणून माफ.

माफ नाही ती काळी तीन. आधी पंधरा दिवसांतून एकदा अडकायची, मग दर रविवारी. दान गोळा करताना म्हणायचं अर्पणाचं गीत चालू असताना अडकली तर कळत नाही, मंडळीच्या आवाजात खपून जाते. प्रार्थनेत नाही खपत. मी अर्पणाचं रिकामं पाकीट दुमडून पट्टीखाली खोचायला लागले. म्हणजे सूर वाजणार नाही. पण तो सूर गीतात लागला की तिथे भोक. दुकानदाराला चार फोन केले. उत्तर ठरलेलं: "पावसाळा आहे, लाकूड फुगतं, ओलाव्याला वॉरंटी नसते." आम्ही राहतो कल्याणला, ओलाव्याचं आम्हाला कोण काय सांगणार? मी गप्प बसले.

डिसेंबरात नाताळला पेटी घेऊन नगरला माहेरी गेले. तिथली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. काळी तीन पहिल्याच संध्याकाळी अडकली. मग डोक्यात प्रकाश पडला. चेंजरच्या पेटीत पट्ट्यांची फळी सरकते, सूर जागेवरच राहतात. फळी सरकवून बघितली तरी तीच पट्टी अडकत होती. दोष सुराकडचा असता तर स्केल बदलल्यावर दुसरी पट्टी अडकली असती. म्हणजे खोट त्या एका पट्टीतच होती, आणि ती पहिल्या दिवसापासून होती.

नगरच्या कारागिरानं ती पट्टी काढून दाखवली. बाजूला पॉलिशचा थर जाड राहिलेला, खालची पिन केसभर तिरकी. पॉलिश पेपरनं चार हात मारले, पक्कडीनं पिन सरळ केली. वीस मिनिटं, ४५० रुपये. तेव्हापासून एकदाही अडकलेली नाही. दुकानदाराला कळवलं तर म्हणतो, बाहेर उघडलीत ना, आता वॉरंटी गेली. पुढच्या महिन्यात तशीही संपतेच आहे.

इथवर हे लिहून मी तीन तारे देणार होते. पण नगरला आणखी एक झालं, आणि त्यात पेटीचा काही दोष नाही.

माझा गळा काळी चारचा, म्हणजे चौथी काळी पट्टी 'सा' धरली की मोकळा लागतो. पेटी आल्यापासून प्रत्येक गीत मी फळी सरकवून काळी चारमध्ये लावायचे. त्यासाठीच तर घेतली होती! नाताळच्या भक्तीला माहेरच्या मंडळीतही तेच केलं. 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातला रेव्हरंड ना. वा. टिळकांचा अभंग, जो तिथल्या बाया पुस्तक न उघडता म्हणतात. मला वाटलं छान झालं. घरी आल्यावर पप्पा (तीस वर्षं त्यांनीच तिथे पेटी वाजवली) म्हणाले, "तुझा गळा मोकळा लागला गं. बाप्ये मात्र सगळे गप्प होते." खरंच होतं. काळी चारमध्ये पुरुषांनी एकतर खर्जात गुरगुरायचं, नाहीतर वर ताणायचं. तेही न जमणारे पुस्तकात तोंड घालून उभे राहतात. कल्याणलाही गेले सहा महिने मागचे बाक तसेच उभे होते, आणि मी समजत होते की लोकांची भक्ती आटली.

पप्पांची जुनी पेटी साधी, चेंजर नाही. ते काळी एकला बसायचे, फार तर पांढरी दोन. स्वतःला जड गेलं तर खालच्या आवाजात म्हणायचे. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, पण गाणी लिहिली ती ओवी-अभंगात, घराघरांत आधीच रुळलेल्या चालींवर. पप्पांचं म्हणणं एवढंच की ती चाल मंडळीच्या गळ्याची आहे, पेटीवाल्याच्या नाही. (शास्त्रीय शिकवणाऱ्या माझ्या बाईंना पेटीच आवडत नाही. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी घातली होती, हे त्या दर गुरुपौर्णिमेला ऐकवतात. त्या तक्रारीत तथ्य आहे, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, पेटीत येत नाही. पण दोनशे माणसांना एका सुरात धरायला तंबोरा पुरत नाही.)

जानेवारीपासून फळी काळी एकवर आहे. पहिले दोन रविवार माझा गळा नुसता वाऱ्यासारखा लागला, तिसऱ्यापासून बसला. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या क्रुसावरच्या सात शब्दांच्या भक्तीला तीन तास वाजवली, एकही पट्टी अडकली नाही. मागच्या बाकावरचे एक निवृत्त रेल्वेवाले काका, ज्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, ते इतके बेसूर आणि इतक्या जोरात गात होते की मला दोनदा भाता जोरात ओढावा लागला.

तर घ्यायची का? आवाजाला चार तारे, दुकानाला एक. घरी रियाजाला, किंवा वेगवेगळ्या गायकांच्या साथीला हवी असेल तर चेंजरची घ्या, आणि दुकानातच प्रत्येक पट्टी वीस वेळा दाबून बघा. चर्चसाठी हवी असेल तर २३,००० वाली पुरे. आमचा ११,५०० चा चेंजर चार महिन्यांपासून काळी एकवर बसून आहे, फळी सरकवायच्या मुठीवर धूळ साचलीय.